मापाची सायकल: फ्रेम बनवून घेताना माप कसं द्यायचं

विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या सायकल दुकानात माप म्हणून एकच प्रश्न विचारतात: "बावीस की चोवीस?" ही दांडीच्या काळ्या सायकलच्या फ्रेमची इंचातली उंची. माणूस पाच फूट असो की सहा, सीट वर-खाली करायची अन् पायडल मारायचं. दूध घालायला, शेतात डबा पोचवायला ते चालूनही जातं. पण अलीकडे वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडची गावाकडची मुलं-मुली शंभर-दोनशे किलोमीटरच्या राइडला निघतात. नागपूरहून निघणाऱ्या ब्रेव्हेत, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडमध्ये उतरतात, तिथे 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. तेवढा वेळ चुकीच्या मापाच्या सायकलवर बसलं की मान, मनगट, गुडघा सगळे हिशोब मागतात. मग कोणीतरी म्हणतं, फ्रेमच बनवून घे ना अंगाच्या मापाची.

अशी फ्रेम हाताने बनवणारे आपल्याकडे मोजकेच, तेही बहुतेक पुणे-बंगळूरसारख्या शहरांत. त्यामुळे गावात राहणाऱ्याला अर्धं माप घरीच घेऊन पाठवावं लागतं. हा लेख त्यासाठी आहे.

आधी हे ठरवा: खरंच गरज आहे का?

दहातल्या सात-आठ जणांना नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तयार सायकलच्या दोन साइझच्या मधे तुम्ही बसत असाल, तर हॅण्डलला धरणारा स्टेम बदलून आणि सीट पुढे-मागे सरकवून काम भागतं. त्या पैशात चांगली चाकं येतात.

गरज असते ती वेगळ्या लोकांना. उंची पाच फुटांच्या आसपास किंवा सव्वासहाच्या वर असलेल्यांना. पाय लांब अन् धड आखूड, किंवा उलट, अशी ठेवण असलेल्यांना. जुन्या अपघातात एक पाय थोडा आखूड झालेल्यांना. आणि ज्यांना एकाच सायकलवर सामान, पांदण रस्ता आणि लांबची राइड असं तिन्ही हवंय, त्यांनाही. बाजारात बाईच्या उंचीचा विचार करून बनवलेली लांब पल्ल्याची सायकल मिळणं मुश्कील, म्हणून ठेंगण्या बायकांना मी या यादीत सगळ्यात वर धरेन.

पहिलं माप रस्त्याचं

टेप हातात घेण्याआधी कागद-पेन घ्या. फ्रेम बनवणारा मिस्त्री पहिल्या फोनवर विचारतो ते हेच: कुठे चालवणार, किती चालवणार, काय वाहणार? "सगळीकडे" हे उत्तर देऊ नका. आठवड्यातलं खरं चालवणं लिहा. उदाहरणार्थ, "रोज 12 किलोमीटर डांबरी, त्यात 2 किलोमीटर पांदण, महिन्यातून एकदा 100, कॅरिअरवर 10 किलो, वर्षातून एकदा परतवाड्याकडून चिखलदऱ्याचा घाट." एवढ्या एका ओळीवरून टायरची रुंदी, गिअर, नळीची जाडी, मागच्या चाकाचं अंतर बरंचसं ठरतं.

यात आपल्याकडची काळी माती विसरू नका. शहरातल्या मिस्त्रीला ती माहीत असेलच असं नाही. पावसाळ्यात पांदणीवरून पन्नास पावलं गेलं की टायरला थर चढतो, तो पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या फांद्यांत आणि मडगार्डमध्ये ठासून बसतो, अन् चाक फिरायचं थांबतं. तेव्हा टायर आणि फ्रेम यांच्यात फट मोठी मागा. 40 मिलिमीटरचं टायर लावणार असाल तर "40 चं टायर, वर मडगार्ड, त्याच्यावरही बोट जाईल एवढी जागा" असं शब्दांत सांगा. खरं तर जुलै-ऑगस्टच्या ओल्या काळ्या रानात कुठलीच फट पुरत नाही. सायकल खांद्यावरच घ्यावी लागते. म्हणून दांडी फार उतरती नको, मधला त्रिकोण खांदा आत जाईल एवढा हवा, हेही लिहून ठेवा.

दुसरं माप जुन्या सायकलचं

हे लोक हमखास टाळतात. पण फ्रेम शेवटी तीन ठिकाणांसाठी असते: बूड टेकतं ते सीट, हात टेकतात ते हॅण्डल, पाय टेकतात ते पायडल. या तिघांत अंतर किती, हे ठरलं की बाकी नळ्या त्यांना जोडायलाच असतात. आणि त्या अंतरांबद्दल तुमच्या अंगाने आजवर जे काही ठरवलंय, ते सध्याच्या सायकलवर उमटलेलं आहे. भले ती सायकल चुकीची असो.

सायकल सपाट फरशीवर, भिंतीला टेकवून सरळ उभी करा. टायरांत हवा पूर्ण असू द्या. मग मोजा:

सीटची उंची: पायडलचे दांडे, म्हणजे क्रँक, ज्या अॅक्सलवर फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या नळीच्या रेषेत सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत.

सीट किती मागे: सीटच्या पुढच्या टोकावरून ओळंबा सोडा. त्याची दोरी आणि त्या अॅक्सलचा मध्य यांतलं आडवं अंतर मोजा. दोरी अॅक्सलच्या मागे पडते की पुढे, तेही लिहा.

पोच: सीटच्या त्याच पुढच्या टोकापासून हॅण्डलच्या मध्यापर्यंत.

उतार: जमिनीपासून सीटचा माथा आणि जमिनीपासून हॅण्डलचा माथा, दोन्ही वेगवेगळे. वजाबाकी मिस्त्री करेल.

क्रँकची लांबी त्याच्या आतल्या बाजूला छापलेली असते, 165 किंवा 170 वगैरे. छापलेली नसेल तर दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर मोजा.

आता या आकड्यांच्या शेजारी दुखणी लिहा. गुडघ्याच्या समोर दुखतं तेव्हा बहुधा सीट खाली असते. गुडघ्याच्या मागे ओढ बसते किंवा चालवताना ढुंगण डावी-उजवीकडे डुलतं, तेव्हा सीट जास्त वर असते. तळहाताला मुंग्या येत असतील तर हॅण्डल लांब किंवा खाली आहे, किंवा सीटचं नाक खाली झुकलंय. दुखणं लपवू नका. मिस्त्रीला "मस्त चालते" या उत्तराचा काडीचा उपयोग नसतो.

तिसरं माप अंगाचं

इथे घाई करू नका. शिंप्याने पँटसाठी घेतलेलं पायाचं माप इथे चालत नाही. ते आतल्या शिवणीचं असतं, खऱ्या हाडाच्या मापापेक्षा चार-पाच सेंटिमीटर सहज कमी भरतं. शिंप्याची कापडी टेपही नको. जुनी झाली की ती ताणलेली असते. सुताराची पोलादी टेप घ्या. सोबत गवंड्याकडची दोन हत्यारं मिळाली तर दुधात साखर: ओळंबा आणि पाणसळ.

जागा कोणती? सारवलेलं अंगण नको, त्याला उंचवटे असतात. मातीच्या घराची भिंत तर मुळीच नको, ती खाली फुगलेली असते. फरशी असलेली खोली शोधा, शाळेचा वर्ग किंवा ग्रामपंचायतीचं ऑफिस. आमच्याकडे असंच माप घेताना मदतीला आलेल्या गवंडीकाकांनी सिमेंटच्या भिंतीलाही ओळंबा लावला आणि दोरी वर चिकटलेली, खाली बोटभर सुटलेली दाखवली. म्हणाले, "भिंतीवर भरोसा नोको ठेवू भाऊ, चौकटीले टेकून उभा राय." दाराची चौकट बसवताना ओळंब्यात धरतातच, त्यामुळे ती बहुतेक वेळा खरी असते. पण तिलाही एकदा ओळंबा लावून पाहा.

मदतीला एक माणूस लागतोच. स्वतःचं स्वतः मोजायला गेलं की वाकावं लागतं अन् माप बदलतं. बायकांनी बहीण, मैत्रीण, वहिनी अशा कोणाला तरी सोबत घ्यावं, कारण पायाचं माप घेताना संकोच झाला की पाणसळ वर दाबली जात नाही आणि आकडा खोटा येतो. कपडे अंगाला बसणारे, पातळ. पाय अनवाणी.

उंची. चौकटीला टाच, बूड, पाठ, डोकं टेकवून. डोक्यावर गुण्या ठेवून खूण करा. सकाळी उठल्यावर माणूस संध्याकाळपेक्षा साधारण सेंटिमीटरभर उंच असतो, तेव्हा सगळी मापं एकाच बैठकीत घ्या.

पायाची आतली लांबी. सगळ्यात महत्त्वाचं माप हेच. चौकटीला पाठ लावून उभं राहा, दोन पावलांत वीतभर अंतर. मदतनीसाने पाणसळ दोन पायांच्या मधून घालून वर सरकवायची. कुठपर्यंत? सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढा येईपर्यंत, हाडाला लागेपर्यंत. पुष्कळ ठिकाणी पुस्तक वापरायला सांगतात, पण पुस्तक पुढून वर उचललं गेलं तर कळत नाही. पाणसळीतला बुडबुडा मधोमध आला की ती आडवी आहे हे दिसतं. तिच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. टाचा उचलल्या जातात, सगळ्यांच्याच. मदतनीसाने एक नजर खाली ठेवावी. हे माप तीनदा घ्या, दर वेळी चौकटीपासून दूर होऊन, पाय झाडून परत उभं राहून. तीन आकड्यांत अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा तीनदा. नंतर मधला आकडा घ्या.

धड. त्याच जागी, तसंच उभं राहून, गळ्याच्या खाली दोन हाडांच्या मधे जो खळगा लागतो तिथून जमिनीपर्यंत. यातून पायाची आतली लांबी वजा केली की धडाची लांबी मिळते.

हात. मुठीत पेन्सिल धरा, हात सरळ ठेवून शरीरापासून पुढे-खाली तिरका करा. खांद्याच्या वरच्या टोकाचं हाड बोटाने चाचपा, तिथपासून पेन्सिलीपर्यंत. दोन्ही हात मोजा.

खांदे. डाव्या हाडाच्या टोकापासून उजव्या हाडाच्या टोकापर्यंत, पाठीकडून. शर्टाच्या शिवणीपासून नव्हे. हॅण्डलची रुंदी यावरून ठरते.

मांडी आणि पोटरी. स्टुलावर बसा, बूड भिंतीला पक्कं टेकवा, गुडघे काटकोनात. भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत एक माप, जमिनीपासून गुडघ्याच्या वरच्या बाजूपर्यंत दुसरं. दोन्ही पायांचं वेगळं. डाव्या-उजव्यात एखाद सेंटिमीटर फरक दिसला तर आधी माप परत घ्या. फरक तरीही राहिला तर तो कागदावर लाल पेनाने लिहा आणि जमल्यास हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

पाऊल. बुटाचा नंबर आणि पावलाची लांबी. ज्या पादत्राणात खरोखर चालवता, त्याच्या तळाची जाडीही द्या. आपल्यातले निम्मे लोक चप्पल किंवा सँडल घालूनच चालवतात, त्यात लाज कसली? मिस्त्री मात्र बूट धरून चालतो.

वजन. खरं. नळ्यांची जाडी त्यावर निवडतात.

लवचिकपणा. गुडघे न वाकवता पुढे वाका. बोटं कुठे पोचतात, नडगीवर, घोट्यापर्यंत की जमिनीला? तेवढं लिहिलं तरी हॅण्डल किती खाली ठेवता येईल याचा अंदाज येतो. कापूस वेचणीच्या दिवसांत कंबर धरलेली असते, तेव्हा हे माप तेवढं पुढे ढकला.

आकडे मिलिमीटरमध्येच लिहा. आपल्याकडे टेप वाचणारा "साडेएकतीस इंच अन् एक सूत" असं सांगतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरहून किंचित जास्त. साडेएकतीस इंच एक सूत म्हणजे 803 मिलिमीटर. हे रूपांतर फोनवर, घाईत, ऐकून करायला गेलं की गडबड होते. टेपची दुसरी बाजू वाचायला सांगा.

थोडी आकडेमोड

आलेल्या मापावरून सीटची उंची स्वतः काढून पाहता येते. दोन जुने ठोकताळे आहेत. एक ग्रेग लेमाँड या अमेरिकन सायकलपटूच्या नावाने ओळखला जातो, ज्याने 1986, 1989 आणि 1990 ची टूर द फ्रान्स जिंकली. पायाची आतली लांबी गुणिले 0.883, म्हणजे क्रँकच्या अॅक्सलच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची. दुसरा इंग्लंडमधल्या लफबरोच्या 1967 च्या अभ्यासातून आला: आतल्या लांबीच्या 109 टक्के, पण हे मोजायचं पायडलच्या अॅक्सलपासून, पायडल सीटच्या नळीच्या रेषेत अगदी खाली असताना.

समजा पायाची आतली लांबी 80 सेंटिमीटर. पहिल्याने 70.6 येतं. दुसऱ्याने 87.2, त्यातून 17 सेंटिमीटरचा क्रँक वजा केला की 70.2. दोन्ही शेजारी-शेजारीच आले, म्हणजे माप ठीक. आता जुन्या सायकलवरचा आकडा पाहा. तो 66 असेल तर तुमचा गुडघा का कुरकुरतो ते कळलं.

हे ठोकताळेच, कायदा नव्हे. मिस्त्री पुढे गुडघ्याचा कोन पाहतो. पायडल तळाला असताना गुडघा साधारण 25 ते 35 अंश वाकलेला असावा, असं बहुतेक जण धरतात. घरच्या घरी पाहायचं तर टाच पायडलवर ठेवून उलटं फिरवा. तळाला पाय जेमतेम सरळ झाला आणि कंबर हलली नाही, तर तुम्ही जवळपास आहात.

व्हिडिओ, आणि जमलं तर प्रत्यक्ष भेट

मापांसोबत व्हिडिओ पाठवा. सायकलचं मागचं चाक स्टँडवर घ्या किंवा दोघांना धरायला लावा. फोन तीन-चार मीटर लांब, बाजूने, कमरेच्या उंचीवर आणि आडवा. वरून किंवा तिरका घेतलेला व्हिडिओ कोन खोटे दाखवतो. कपडे अंगालगत, गुडघ्याच्या हाडावर आणि कमरेच्या बाजूच्या हाडावर रंगीत टिकली चिकटवा. पाचेक मिनिटं पायडल मारल्यानंतरचं चित्रण पाठवा. सुरुवातीला सगळेच ऐटीत बसतात.

प्रत्यक्ष जाता आलं तर नक्की जा. वर्धा, बडनेरा, अकोल्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसने थेट पुण्याला जाता येतं. पण रात्रभर जनरलच्या डब्यात अवघडून, उतरल्या उतरल्या माप द्यायला जाऊ नका. एक झोप काढा. मिस्त्रीकडे मागे-पुढे, वर-खाली होणारी फिटिंगची सायकल असेल तर तिच्यावर वीस मिनिटं तरी घाम येईपर्यंत चालवा. नवीन माणसासमोर "हो हो, बरोबर आहे" म्हणायची आपल्याला सवय असते. तिथे ती सोडा. जुने बूट, जुनी सीट आणि तो मापांचा कागद सोबत न्या. बुडाला सवयीची सीट नसेल तर बाकी सगळी मापं सरकतात.

ड्रॉइंग आलं, आता वाचा

मिस्त्री फ्रेमचं ड्रॉइंग पाठवतो आणि मंजुरी मागतो. नळ्या कापल्या की बदल नाही. तेव्हा चहा ठेवा आणि बसा.

सीटच्या नळीची लांबी कशी मोजलीय ते विचारा: मध्य ते मध्य, की मध्य ते वरचं टोक? दोन्हींत दीड-दोन सेंटिमीटरचा फरक पडतो. वरच्या दांडीची लांबी "आडवी धरून" दिलेली असते. दांडी उतरती असेल तर खरी नळी त्याहून आखूड दिसेल, घाबरू नका. 'स्टॅक' म्हणजे क्रँकच्या अॅक्सलपासून हॅण्डलच्या नळीच्या माथ्यापर्यंतची उभी उंची, आणि 'रीच' म्हणजे तेवढंच आडवं अंतर. हे दोन आकडे तुमच्या सध्याच्या सायकलशी ताडून पाहा. स्टेम किती लांबीचा धरलाय तेही बघा. 90 मिलिमीटरच्या आसपास धरला असेल तर पुढे लहान-मोठा करायला दोन्हीकडे वाव राहतो.

दांडीवर उभं राहिल्यावर मोकळी जागा किती? पायाच्या आतल्या लांबीपेक्षा दांडी निदान 3 सेंटिमीटर खाली हवी. पांदणीवर, जिथे पाय कधी खड्ड्यात टेकेल सांगता येत नाही, तिथे 5 बरी.

ठेंगण्या माणसाला चाकाचा प्रश्न येतो. 700 सीचं चाक मोठं, त्याच्या रिमचा व्यास 622 मिलिमीटर. फ्रेम लहान असली की वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला घासतं. मग 650 बी, म्हणजे 584 चं चाक, किंवा 26 इंची घेतात. 26 इंचीत मात्र एक खोच आहे. गिअरवाल्या एमटीबीचं, म्हणजे जाड टायरच्या डोंगरी सायकलचं 26 म्हणजे 559, आणि साध्या सायकलचं 26 गुणिले 1⅜ म्हणजे 590. दुकानदार दोन्हीला "सव्वीस" म्हणतो, टायर एकमेकांना बसत नाहीत. फ्रेमच्या कागदावर मिलिमीटरचा आकडा लिहून घ्या, आणि टायर तालुक्याला नाही तरी नागपूर-अमरावतीला मिळतं का, ते आधी फोन करून विचारा.

हाच नियम बाकी भागांना. क्रँकच्या अॅक्सलसाठी साधी 68 मिलिमीटरची आट्याची बैठक मागा, सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, 27.2 मिलिमीटरचा. असले भाग मागवले की येतात. एकाच कंपनीचे भाग लागणारी फॅशनेबल बैठक नको.

पाण्याच्या बाटल्यांच्या जागा ड्रॉइंगमध्येच दिसल्या पाहिजेत, बाटलीसकट. एप्रिल-मेच्या उन्हात 45 अंशांत दोन बाटल्या तासाभरात संपतात. लहान फ्रेमच्या त्रिकोणात दोन मोठ्या मावत नाहीत, म्हणून खालच्या नळीच्या खाली तिसरी जागा मागा. कॅरिअर आणि मडगार्डच्या भोकांचंही आत्ताच सांगा. नंतर भोक पाडणं म्हणजे नळी कमजोर करणं.

नळ्या क्रोमोली स्टीलच्या, टोकाला जाड आणि मधे पातळ असतील तर मधली जाडी अर्धा मिलिमीटरच्या आसपास असू शकते. गावच्या वेल्डिंगवाल्याकडे ट्रॉली-वखर जोडायचं इलेक्ट्रिक वेल्डिंग असतं, त्याने ही नळी क्षणात जळून भोक पडतं. कधी तडा गेलाच तर गॅसवर पितळेचं जोडकाम करणारा शोधायचा किंवा मिस्त्रीकडेच पाठवायची.

फ्रेम घरी आल्यावर

पार्सल उघडलं की आधी नळ्यांची मापं ड्रॉइंगशी ताडा आणि ड्रॉइंगची प्रत, फ्रेमवरच्या नंबरसकट, कागदपत्रांच्या पिशवीत ठेवा. जोडणी झाली की सीट, हॅण्डल, पायडल यांतली तीन अंतरं वर सांगितल्याप्रमाणे पुन्हा मोजा, कारण फ्रेम बरोबर असूनही जोडणाऱ्याने सीट दोन बोटं खाली बसवलेली असते. चिमट्याची वरची नळी मात्र लगेच कापू देऊ नका. स्टेमच्या वर-खाली रिंगा घालून ती लांबच ठेवा, दोन-तीनशे किलोमीटर चालवा, हॅण्डल वर-खाली करून पाहा, आणि उंची पक्की झाल्यावरच करवत लावा. दुकानदार म्हणेल, "दादा, दिसते बेकार." दिसू द्या.